हे झालं वरवरचं

खरवंडे सरांची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी माझ्या आईवर घेतलेल्या संशयातून.

हिंगोलीहून नोकरीसाठी मी आयटी पार्कजवळच्या माण गावात आलो होतो आणि किसनअण्णांच्या इमारतीत खोली घेऊन एक आठवडाही झाला नव्हता. सकाळी ऑफिसला निघताना दाराला कुलूप लावलं, अर्धा जिना उतरलो, पुन्हा वर आलो आणि कुलूप ओढून पाहिलं. समोरच्या दारात एक गृहस्थ उभे होते. ऐन मे महिन्यात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हात पाठीमागे बांधलेले आणि चेहऱ्यावर एखादा दुर्मीळ किडा सापडल्याचा आनंद.

"आई फार शिस्तीची होती का हो तुमची?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुलूप दोनदा ओढलंत. लहानपणी शी-शूच्या सवयी फार कडक लावल्या, की मोठेपणी माणूस कुलपं ओढत बसतो. अबोध मनाचा खेळ आहे सगळा."

"अहो, कडी सैल आहे. कुलूप लागतं आणि आपोआप उघडतंही. अण्णांना सांगितलंय मी."

त्यांनी घसा खाकरला आणि अतीव करुणेनं माझ्याकडे पाहिलं. "हे झालं वरवरचं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी अण्णांनी कडी बदलून दिली. माझी कुलूप ओढायची सवय गेली. सरांनी मात्र आपलं निदान मागे घेतलं नाही. सवय दबली आहे, ती आता दुसरीकडून बाहेर पडेल, असं त्यांनी मला बजावलं आणि पुढचे काही महिने ती कुठून बाहेर पडते याची ते आशेनं वाट पाहत राहिले.

खरवंडे सरांनी नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं होतं. मुलगी वैदेही आयटीत लागली, म्हणून निवृत्तीनंतर सर आणि मालतीकाकू तिच्याजवळ माणला राहायला आले. 'मानवी व्यक्तिमत्त्वाचे प्रमुख सिद्धांत' हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. वर्गात तो विद्यार्थ्यांना ऑप्शनला टाकता येत असे. आमच्या इमारतीत ती सोय नव्हती.

खरा विद्वान एका सिद्धांताशी लग्न लावत नाही, असं ते म्हणत. त्याप्रमाणे त्यांचा सगळ्यांशीच संसार चालू होता. कोणाला कुठला सिद्धांत लावायचा याचा मात्र एक अलिखित नियम असे. दूध सरांच्या हातून उतू गेलं, तर तो परिस्थितीचा परिणाम. वैदेहीच्या हातून गेलं, तर तो स्वभाव. सर कोणावर ओरडले, तर समोरच्यानं तसा उद्दीपक दिला होता. समोरचा सरांवर ओरडला, तर त्याचं बालपण वाईट गेलं होतं. आयुष्यभराच्या व्यासंगाशिवाय इतकी सोयीची मांडणी माणसाला जमत नाही.

मालतीकाकूंबद्दल त्यांचं निदान एकच होतं आणि ते ते कोणालाही सांगत. घरी कोणी आलं, काकूंनी चहाचा ट्रे समोर ठेवला, की सर म्हणत, "आमची मालती मूळची अंतर्मुख. गर्दी तिला सोसत नाही. बोलणं तर नाहीच नाही." काकू किंचित हसत आणि आत जात. सर विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघत. म्हणजे, बघा, पुरावा समोर.

किसनअण्णा हे आमचे घरमालक. त्यांचं भाताचं खाचर होतं तिथं आता चार मजले उभे होते. पूर्वी तिथं ते रोपं लावत, आता इंजिनियर लावतात. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते दिवसभर ओरडत असत. गाडी वाकडी लावली, नळ चालू राहिला, कचरा चुकीच्या डब्यात गेला. कारण कुठलंही चाले. सरांना तो आवाज सहन होईना. मग एके दिवशी त्यांनी मला जाहीर केलं की अण्णांच्या बाबतीत ते वर्तनवादी होणार आहेत.

"माणूस आतून कसा आहे ते सोडा," सर म्हणाले. "आत काही नसतंच. वागणूक खरी. चांगल्या वागणुकीला बक्षीस दिलं, की ती वाढते. साधं प्रबलन आहे."

प्रबलनासाठी काकूंना शेंगदाण्याचे लाडू करावे लागले. सर स्वेटरच्या खाली, शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेला लाडू ठेवत. अण्णा ओरडायचे थांबून साध्या आवाजात बोलले, की सर पुढे होत आणि लाडू त्यांच्या हातावर ठेवत. कारण सांगत नसत, प्रयोग बिघडला असता. अण्णा पहिल्यांदा बावरले. मग खाऊ लागले. मग त्यांना गोडी लागली.

महिनाभरात अण्णांचं ओरडणं दुप्पट झालं. सकाळी सर जिन्यात दिसले रे दिसले, की अण्णा कोणाच्याही गाडीवर खेकसत, चांगलं गावभर ऐकू जाईल असं. मग एकदम आवाज खाली आणत, "र्‍हाऊ द्या, लेकरं हायेत," असं मवाळपणे म्हणत आणि सरांच्या खिशाकडे बघत. कारण उघड होतं. आधी ओरडल्याशिवाय शांत कसं होता येईल?

मी हे सरांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी घसा खाकरून नेहमीचं वाक्य टाकलं. शेवटी काकूंकडचे शेंगदाणे संपले आणि विज्ञानाचं ते दालन बंद झालं. अण्णांनी एक-दोन दिवस वाट पाहिली. मग त्यांनी मला गाठलं.

"मास्तरांचं काय बिनसलंय? लाडू बंद केलं त्यांनी."

"अण्णा, ते तुम्हाला सुधारत होते."

"व्हय?" अण्णा विचारात पडले. "मला वाटलं, मीच मास्तरांना वळण लावतुया."

त्यानंतर काही काळ सर मानवतावादी होते. वरच्या मजल्यावर चार पोरं राहत आणि शनिवारी स्पीकर लावून भिंती हलवत. अण्णांनी त्यांना हाकलायचं ठरवलं, तेव्हा सर मध्ये पडले. प्रत्येक माणसात वाढीची ओढ असते, त्याला विनाअट स्वीकारलं की तो आपोआप फुलतो, असं त्यांनी अण्णांना समजावलं. मग ते पोरांकडे गेले आणि तुम्ही जसे आहात तसे मला मान्य आहात, असं सांगून आले. पोरं भारावली. पुढच्या शनिवारी त्यांनी मोठा स्पीकर आणला. वाढ झालीच होती, ती कशाची व्हावी याबद्दल सिद्धांतात काही म्हटलेलं नव्हतं.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. वैदेहीनं लग्नाचं काढलं आणि ते हसणं थांबलं.

मुलगा तिच्याच ऑफिसातला. निलेश नाव, मूळचा भंडाऱ्याचा. आईवडील नव्हते, काकांकडे वाढलेला. वैदेहीनं त्याला रविवारी सकाळी घरी बोलावलं. काकूंनी पोहे केले होते. सरांनी मला 'तटस्थ निरीक्षक' म्हणून बोलावून घेतलं आणि निलेशला खिडकीसमोर, चेहऱ्यावर उजेड येईल असं बसवलं. व्यक्तिमत्त्वाचे पाच मूळ गुण असतात, माणसाला त्या पाचांवर मोजता येतं, बाकी पत्रिका-बित्रिका थोतांड, अशी प्रस्तावना करून त्यांनी सुरुवात केली.

"समारंभात अनोळखी माणसांशी आपणहून बोलता?"

"नाही," निलेश म्हणाला.

"नवीन पदार्थ, नवीन गाव, नवीन पुस्तक, ओढ वाटते?"

"पदार्थाची वाटते." त्यानं पोह्यांकडे पाहिलं. अजून बशी कोणी दिली नव्हती.

"समजा, जंगलात एकटे हरवलात. आधी काय कराल?"

"फोन लावीन."

"रेंज नाही."

निलेशनं प्रामाणिकपणे विचार केला. "मग हरवीन," तो म्हणाला.

आतून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. पोहे निवून गेले तरी प्रश्न चालूच होते. शेवटी त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि सर्वांसमक्ष निकाल जाहीर केला. बहिर्मुखता नगण्य. नावीन्याची ओढ बेताची. भावनिक ओलावा शोधावा लागेल. असा माणूस संसारात भिंतीसारखा असतो. वाईट नव्हे, पण भिंत.

निलेश खाली बघत बसला होता. त्याचे कान लाल झाले होते. वैदेही उठून उभी राहिली.

"बाबा, मी याच्याशी लग्न करणार आहे. याला नोकरीवर ठेवणार नाहीये."

"तू भावनेच्या भरात आहेस. तुझा मूळ स्वभावच उतावळा."

"माझा स्वभाव काय आहे हे तुम्ही मी पाळण्यात असल्यापासून सांगताय. तुमचं चुकलं असेल असं एकदाही वाटलं नाही?"

सरांनी घसा खाकरला. ते काय म्हणणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वैदेहीनं त्यांना ते म्हणू दिलं नाही. निलेशला घेऊन ती निघून गेली.

लग्न झालं. सर लग्नाला आले, सगळ्यांना भेटले, कोपऱ्यात उभं राहून मला पाहुण्यांचे स्वभावविशेष सांगत राहिले. वैदेही जांब्याला राहायला गेली. माणहून जांबे म्हणजे काही परदेश नव्हे. मध्ये आयटी पार्क लागतं, आणि सरांच्या बाबतीत त्यांचा अहंकार. आयटी पार्कातून निदान रविवारी वाट मिळते. मुलीला स्वतंत्र होण्याची प्रक्रिया पूर्ण करू द्यावी, मध्ये लुडबुड नको, असं कारण देऊन ते कधी तिकडे गेले नाहीत. काकू अधूनमधून एकट्याच रिक्षानं जाऊन येत.

मग वैदेहीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण जिथं नवऱ्याला भिंत म्हटलं त्या घरात ती पाऊल ठेवायला तयार नव्हती. म्हणून माहेरच तिच्याकडे गेलं. काकू दोन पिशव्या घेऊन सव्वा महिन्यासाठी निघाल्या. मुलगी झाली. सव्वा महिना झाला. बारसं झालं, त्या दिवशी सरांना नेमका ताप आला. शरीर मनाचं ऐकतं, हा सिद्धांत त्यांनी तेव्हा मांडला नाही. गणपती बसले आणि उठले, पाऊस संपला. काकू आल्या नाहीत.

सरांनी सुरुवातीला याचंही विवेचन केलं. नातवंडात स्वतःचं राहिलेलं आयुष्य शोधणं, भूमिकेतला बदल, उतारवयातलं संक्रमण. हळूहळू विवेचन आटत गेलं. ते मेसमध्ये पोरांच्या रांगेत ताट घेऊन उभे राहू लागले. स्वेटरला भाजीचे डाग पडले. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले, हात पाठीमागे नव्हते. हातात फोन होता.

"शिंदे, जरा मला फोन लावून बघता का? बिघडलाय बहुतेक."

मी लावला. त्यांच्या हातातला फोन खणखणीत वाजला. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"लागतो," ते म्हणाले. इतक्या निराश आवाजात मी फोन चालू असल्याची बातमी कधी ऐकली नव्हती.

ती कोंडी फोडली किसनअण्णांनी, तीही खुर्चीतून न उठता. दसऱ्याच्या आसपासची सकाळ होती. मी गाडी पुसत होतो, सर मेसमधून परत येत होते.

"मास्तर," अण्णांनी हाक मारली, "वहिनी जांब्यात हायेत, चंद्रावर न्हाईत. जाऊन आणा की."

"प्रश्न इतका सरळ नाही अण्णा. ती का आली नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. अनेक शक्यता आहेत."

"मग इचारा की."

"कोणाला?"

"वहिनीस्नी! आनि कुनाला? हितं मला इचारून काय व्हनार हाय?"

सर जागच्या जागी थांबले. ज्या माणसाचा अभ्यास करायचा त्यालाच विचारावं, ही पद्धत त्यांच्या इतक्या वर्षांच्या अध्यापनात आली नसावी. ते वर गेले. थोड्या वेळानं धुतलेला शर्ट घालून खाली आले आणि माझ्या गाडीशेजारी उभे राहिले. मी काय ते समजलो.

वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. एरवी सिग्नलला थांबलो तरी ते शेजारच्या चार गाड्यांची बालपणं सांगत.

जांब्यात वैदेहीच्या इमारतीसमोर एक रिकामा प्लॉट होता. तिथं एक बाई स्कूटर शिकत होती. साडी खोचलेली, पाय दोन्हीकडे सोडलेले, स्कूटर सापासारखी वळत होती. मागे एक तरुण सीट धरून पळत होता. "ब्रेक एकदम नका दाबू! एकदम नाही!" तो ओरडत होता. बाईंनी एकदम दाबला. स्कूटर थांबली, तरुण तिच्यावर आदळला आणि बाई पोट धरून इतक्या मोठ्यानं हसल्या, की वरच्या गॅलऱ्यांतून लोक डोकावले.

सर माझ्या गाडीवरून उतरले. "बाई मोठी धीट दिसते," ते म्हणाले. "कोण आहे?"

"सर," मी म्हणालो, "काकू आहेत त्या."

वैदेहीच्या घरात सर पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले. काकू बोलत होत्या. शेजारी गोरखपूरची बाई राहते, ती लोणचं कसं घालते. तिच्याशी हिंदी बोलताना आपण 'मैं आलेली हूँ' म्हणून गेलो आणि मग दोघी कशा हसलो. खालच्या भाजीवाल्याला मेथी ताजी नसली की कसं झापायचं. एकातून दुसरं निघत होतं. निलेश स्कूटरवर आदळलेला गुडघा चोळत मध्येच एखादा शब्द टाकत होता आणि काकू त्यावर फुटत होत्या. सर कधी काकूंकडे, कधी निलेशकडे बघत होते, परक्या भाषेतलं नाटक बघावं तसे.

"मालती," शेवटी ते म्हणाले, "तू इतकी बोलतेस?"

"मी पहिल्यापासूनच बोलते."

"मग आपल्या घरी—"

"आपल्या घरी तुम्ही बोलत होतात ना."

सरांनी घसा खाकरला. "म्हणजे व्यक्तिमत्त्व हे परिस्थितीसापेक्ष असतं, असं मानणारा जो विचार आहे, त्यानुसार—"

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "लग्न झाल्यापासून मी कशी आहे हे तुम्ही मला समजावून सांगताय. आल्यागेल्याला सांगताय. मी समोर चहा घेऊन उभी असताना सांगताय. एकदा विचारलं असतंत, तर मीही सांगितलं असतं."

वैदेही खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी चपला शोधू लागलो, पण त्या दारापाशी होत्या आणि दार काकूंच्या मागे होतं.

स्वेटर नव्हता तरी सरांचा हात तो खाली ओढायला गेला. मग त्यांनी विचारलं, "कशी आहेस?"

या प्रश्नाचे मराठीत दोन अर्थ होतात. त्यांना कुठला अभिप्रेत होता, कोण जाणे. काकूंनी तो दोन्ही अर्थांनी घेतला असावा, कारण त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसल्या.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "चहा टाकते. मग सांगते बाकीचं. वेळ लागेल, आत्ताच सांगून ठेवते."

त्या आत गेल्या. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. निलेशनं तिला उचललं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, ती शांत झाली. मग तो सरांसमोर आला आणि काही न सांगता बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, मान धरा," तो म्हणाला.

सरांनी मान धरली. तेवढंच केलं. तिच्या डोळ्यांवरून, मुठीवरून, हनुवटीवरून त्यांनी काहीही ओळखलं नाही. निदान बोलून दाखवलं नाही.

काकू माणला परत आल्या नाहीत. सरच सामान घेऊन जांब्याला गेले, वैदेहीच्या शेजारच्या इमारतीत. वैदेही एका दिवसात निवळली असं नाही. घरात कोणाचाही स्वभाव सांगायचा नाही, ही तिची अट होती आणि सर ती आठवड्यातून एकदा मोडत, असं निलेशकडून कळे. टेम्पो निघाला तेव्हा अण्णांनी मुळशीकडच्या उरलेल्या शेतातल्या इंद्रायणी तांदळाची गोणी त्यात टाकली. टेम्पो वळणावर गेल्यावर खुर्चीत बसून म्हणाले, "आता मी कसा हाय, ते मला कोन सांगनार?" आणि त्या दिवशी ते कोणावर ओरडले नाहीत.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते यंदाच्या हिवाळ्यात, मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टमध्ये. आमच्या कंपनीनं आम्हाला तिथं 'व्यक्तिमत्त्व ओळखा' या शिबिराला नेलं होतं. प्रशिक्षक माइकवरून सांगत होता, की जगात माणसं चारच प्रकारची असतात, लाल, निळी, पिवळी आणि हिरवी. मला त्यानं जेमतेम एका प्रश्नावरून हिरवा ठरवलं आणि हिरवी टोपी दिली. हिरवी माणसं समजूतदार असतात म्हणे, वाद घालत नाहीत. घालता आला असता, पण टोपी घातल्यावर ते बरं दिसलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पाण्याकडच्या बाजूला गेलो, तर झाडाखालच्या टेबलावर खरवंडे कुटुंब बसलं होतं. वैदेही आणि निलेश पोरीला घेऊन काठाशी गेले होते. सर आणि काकू दोघंच होते. मागे प्रशिक्षकाचा माइक पुन्हा सुरू झाला. "लाल माणूस कधीच बदलत नाही!" तो गर्जला. सर हे ऐकून ताडकन उठतील, त्या बिचाऱ्यावर धावून जातील, सगळे सिद्धांत त्याच्या डोक्यावर ओततील, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मला ते पाहायचं होतं.

मी टेबलाजवळ गेलो. "सर, ऐकलंत ना?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग त्यांनी हातानंच मला थांबायची खूण केली. काकू काहीतरी सांगत होत्या.